सांभाराची मुदत

ताकसांडे सरांकडे दोन कार्डं आहेत.
निळं बँकेनं पगाराच्या खात्यासोबत गळ्यात मारलं.
काळं यवतमाळच्या बसस्टँडवर,
टाय लावलेल्या एका पोरानं, भर मे महिन्यात.
त्याचा घाम पाहून सही केली, असं सर सांगतात.

मधल्या सुट्टीत खिचडीचा वास व्हरांड्यात शिरला
की सर दोन्ही कार्डं टेबलावर टाकतात
पत्त्यातल्या हुकमासारखी:
बोला मॅडम, कोणतं भारी?

काळ्यावर विमानतळाची लाउंज, वर्षातून दोनदा फुकट.
सरांनी विमानतळ पाहिलाय,
बाहेरून,
भाच्याला सोडायला गेले तेव्हा.

मी गणित शिकवते. खडू घेतला.
निळं: शंभराला दोन पॉइंट, पॉइंटाचे वीस पैसे.
काळं: दीडशेला चार, पॉइंटाचे पंचवीस,
आणि वर्षाची फी पाचशे.
सातवीला म्हटलं, सांगा,
किती खर्चावर दोन्ही सारखेच पडतात?

वीस मिनिटं नुसता पंखा बोलत होता.
मग निकेश राठोड ओरडला,
एक लाख सत्याऐंशी हजार पाचशे!
आणि स्वतःच दचकला.
एवढी रक्कम
त्याच्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडली होती.

सर दाराशी उभे.
एवढा तर आपला खर्चच नाही हो, म्हणाले,
पेट्रोल, सुपारी,
पोरीची नागपूरची मेस धरूनसुद्धा.

करिष्मा आत्रामचा हात वर.
मॅडम, पॉइंट म्हणजे मार्क का?
नाही गं. माल घेतला की वरून मिळतं, ते.
मंग माही माय बी देते.
काय देते?
सांभार.

वर्ग हसला. मी हसले नाही, मांडलं.
पन्नासची भाजी, वरून पाचाचा सांभार.
शंभराला दहा.
निळं शंभराला चाळीस पैसे,
काळं सदुसष्टच्या आत.
सरांनी चष्मा पुसला.
फी किती?
काई नाई.
आणि मुदत? पॉइंट कधी संपतात?
संध्याकाळलोक, सर. उन्हायात दुपारलोकच.

मग हळूच, बाकावर नखानं रेघ ओढत,
पण उधारीवाल्याले नाई देत माय.

यावर सर काहीच बोलले नाहीत.
कार्डं पाकिटात गेली.

मार्च संपायला चार दिवस होते
आणि काळ्यावर चार हजार आठशे पॉइंट.
बाराशे रुपये, मी म्हटलं.
सरांनी रात्रभर फोनवर बोट फिरवून
चाकाची बॅग निवडली.
तुमच्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही.
मग साळ्याचा पत्ता टाकला, यवतमाळचा,
साळ्यानं ती आर्णीच्या एसटीत चढवली,
कंडक्टरनं सांभाळायचे तीस रुपये घेतले,
चहा वेगळा.

फाट्यापासून शाळेपर्यंत मुरूम.
चाकात खडे अडकले,
सरांनी बॅग डोक्यावर घेतली.
निकेश मागून चालत होता,
सर, चाकं वरच्या बाजूनं फिरून राहिली.

बुधवारी बाजारात मी सरांना पाहिलं,
आत्रामबाईंच्या गोणपाटासमोर उकिडवे.
पन्नासची नोट, रोख, सरळ केलेली.
वांगी मोजून झाली. वरून सांभार.
सरांचे ओठ हलत होते,
हिशोब करत असावेत.
बाईनं पुन्हा हात घातला
आणि अर्धी जुडी अजून टाकली.
हे कायचं?
बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या होत्या.

आता त्या बॅगेत सर
सहामाहीचे पेपर घरी नेतात, आणतात.
बाजाराचा दिवस असला तर भाजीही त्यातच.
परवा करिष्माचा पेपर तपासताना
कोपऱ्यावर एक पान चिकटलेलं दिसलं,
वाळून काळं पडलेलं.
मुदत केव्हाच संपलेली.
नाकाजवळ नेलं तर
वास होता अजून.